टेंभरीत नव्याण्णव खंडी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण विश्वास आहे म्हणून नाही. माझ्या कामात मधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बसून राहावं लागतं. कॉम्प्युटर त्याचं काम करत असतो आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत असतो. तेवढ्या वेळात काहीतरी वाचायला हवं म्हणून वाचायचो. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाला रिकाम्या खोलीत बांगड्या वाजताना ऐकू येतात... वाचायचं, थोडं हसायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. आता मीच लिहायला बसलोय, तेव्हा हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. मला राग येणार नाही. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि ती गेल्या तीन-चार वर्षांत बरीच खर्च झाली.

आमच्या घरात तर या गोष्टींना थाराच नव्हता. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव गावच्या बोडीत — लहान तलावाला आमच्याकडे बोडी म्हणतात — नेऊन सोडले. बाबा त्यांच्याही पुढचे. गावात कुणाच्या अंगात आलं की बाबा तिथं जाऊन उभे राहायचे आणि अगदी शांतपणे विचारायचे, "माह्या घरी आत्ता चुलीवर काय शिजून राहिलं तेवढं सांग, मंग मानतो." बहुतेक वेळा अंगातलं तिथंच उतरायचं. जे डोळ्यांनी दिसत नाही ते कुणालाच कळत नाही, हे बाबांचं ठाम मत होतं. म्हणूनच ही गोष्ट मला जास्त जड जाते... कारण ती बाबांचीच आहे.

गाव आमचं दिघोरी, लाखांदूर तालुक्यातलं. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि गोंदिया वेगळा निघाला तेव्हा मी शाळेत होतो. गुरुजींनी नकाशाची घडी घालून अर्धा भाग आत दुमडायला लावला होता, तेवढंच आठवतं. बाबांची धानाची शेती. आमच्याकडे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि प्रत्येक बांधीला नाव असतं. जिथं टेंभराचं झाड ती टेंभरी, मोहाखालची मोहई, चिंचेजवळची चिचबांधी. टेंभरी सगळ्यात लहान, अर्ध्या एकराची. कितीही चांगलं पिकलं तरी पाच-सहा खंडीच्या वर धान तिनं कधी दिलं नाही. पण बाबांचा जीव तिच्यावर. पुढे ती कालव्यात गेली.

बाबांचा एक नियम होता. पेरणीच्या वेळी आधी घरच्या ढोलीत बघायचं. ढोली म्हणजे शेणामातीनं लिंपलेली बांबूची मोठी कणगी. तिच्यात ज्या बांधीचं बियाणं असेल, त्या बांधीत दुसरं काही जाणार नाही. ढोलीत नसेल तरच बाजार. साकोलीचा दुकानदार नवनवीन पिशव्या दाखवायचा, हे जास्त देते, ते जास्त देते. बाबा म्हणायचे, "देत असन. माह्या घरी हाये ना, मंग कायले पाहू?" हा नियम लक्षात ठेवा, कारण माझी पुढची चूक याच नियमातून झाली.

मी कॉम्प्युटरवाला. पुण्याच्या एका लहान कंपनीत नोकरी करतो. आम्ही लहान दवाखान्यांच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवतो. लॉकडाऊनमध्ये सगळे आपापल्या गावी गेले, तसा मी साकोलीला आलो. बायको वंदना इथंच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, त्यामुळे घर होतंच. लॉकडाऊन संपला, आणि कंपनी लोकांना परत बोलवायला लागली त्याच सुमारास बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलणं म्हणजे पूर्ण गेलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की एक-दोन शब्द परत येऊ शकतात, आकडे मोजायला लावा, ओळखीचं काही म्हणायला लावा. मी सहा महिने रोज सकाळी "एक... दोन..." म्हणायचो. बाबा माझ्याकडे बघत राहायचे. घशातून एक "अं" यायचं, बस. मग मीही सोडून दिलं. माणूस थकतो.

बाबांना आम्ही दिघोरीहून साकोलीला आणलं. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत कूलर आणि इंटरनेट, म्हणून बाबांची खाट तिथं आणि माझं टेबलही तिथंच. खाट माझ्या खुर्चीच्या मागे. वंदना शाळेत गेली की दिवसभर आम्ही दोघंच. कूस बदलायची, पिशवी रिकामी करायची, पेज भरवायची, आणि मधे मीटिंग. मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवायची सक्ती होती. मागे खाट, खाटेला लटकलेली लघवीची पिशवी... म्हणून मी बॅकग्राउंड ब्लर करून ठेवायचो, म्हणजे मागचं सगळं पुसट. कानात हेडफोन, पण नेहमी एकाच कानावर. दुसरा कान बाबांच्या खोकल्यासाठी मोकळा.

माझ्या मॅनेजर केतकी मॅडम. बाई सरळ आहेत. त्यांनी वरच्या लोकांशी भांडून मला साकोलीतून काम करायची परवानगी मिळवली होती. फक्त एकदा स्पष्ट म्हणाल्या, "मिलिंद, रजिस्ट्रीचं काम तुझ्याकडे देतेय. यात काही चुकलं तर मी तुला तिकडे ठेवू शकणार नाही." पुण्याला जायचं म्हणजे बाबांना बहिणीकडे बपेऱ्याला ठेवायचं. पार मध्य प्रदेशच्या सीमेवर. बहिणीचं घर आधीच भरलेलं, तिची सासू अंथरुणावर. ती फोनवर म्हणाली होती, "आन भाऊ, मी नाही म्हनत नाही. पन बाबा इथं टिकनार नाहीत, हे तुलेबी मालूम हाये." मलाही माहीत होतं. माझी नोकरी साकोलीत राहिली तर बाबा राहणार होते, एवढं ते सरळ होतं.

रजिस्ट्रीचं काम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. कोणतंही सॉफ्टवेअर शेकडो लहान लहान पॅकेजेस जोडून बनतं. बहुतेक पॅकेजेस जगातल्या कुणीही तयार करून सार्वजनिक रजिस्ट्रीवर ठेवलेली असतात, कुणीही घ्यावीत. काही फक्त आपली असतात; ती खाजगी रजिस्ट्रीवर, कंपनीच्या आत. सॉफ्टवेअर बांधणाऱ्या मशीनला एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं की कोणती वस्तू कुठून आणायची. झालं, बाजार आणि ढोली. आमच्या खाजगी पॅकेजेसना नावं द्यायची वेळ आली तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. मी बाबांच्या बांध्यांची नावं दिली. टेंभरी, मोहई, चिचबांधी. पुण्याच्या पोरांना गंमत वाटायची. मीटिंगमध्ये "टेंभरी फुटली का?" असं विचारायचे.

आणि त्या फाइलमध्ये मी आमच्या रजिस्ट्रीचा पत्ता "जादाचा" म्हणून लिहिला. माझी समजूत अशी की मशीन आधी घरात बघेल, नसेल तर बाहेर जाईल. मी हे कुठं वाचलंही नव्हतं, तपासलंही नव्हतं. मला ते इतकं उघड वाटलं की तपासावंसंच वाटलं नाही. माझ्या घरी दुसरं काही कधी झालंच नव्हतं ना. पण मशीनला घर आणि बाजार सारखेच. ते दोन्हीकडे बघतं आणि ज्याचा आवृत्ती क्रमांक मोठा ते पॅकेज उचलतं. आमच्या टेंभरीचा क्रमांक होता पाच. उद्या बाहेर कुणी टेंभरी याच नावाचं पॅकेज सहा क्रमांकानं ठेवलं, तर मशीन घरची सोडून ती बाहेरची घेणार. आणि त्या बाहेरच्यात काय भरलेलं असेल ते ठेवणाऱ्यालाच ठाऊक. हे सगळं मला नंतर कळलं.

तो दिवस उन्हाळ्यातला, वार आठवत नाही. दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते, कूलरमधलं पाणी संपत आलं होतं आणि मला उठून भरायचा कंटाळा आला होता. नवीन आवृत्ती बांधायला लावली होती. चार वाजता ती सगळ्या दवाखान्यांत जाणार होती. मीटिंगमध्ये मी आणि केतकी मॅडम दोघंच, रेकॉर्डिंग चालू, कारण रिलीजच्या मीटिंगा रेकॉर्ड करायचा कंपनीचा नियम. मशीनचं काम चालू होतं आणि मी शेजारच्या खिडकीत हेच सदर वाचत होतो. खोटं कशाला सांगू.

मागून आवाज आला.

"टेंभरीत नव्याण्णव खंडी? टेंभरी एवढी देतच नाही गा. बाहेरचा धान हाये तो. घरच्यात मिसळू देजो नोको."

आवाज घोगरा नव्हता, अडखळता नव्हता. बाबा खळ्यावर उभे राहून बोलायचे तसा, थोडा वैतागलेला. आणि मी... मी मान न वळवता, वीस वर्षांपूर्वी अभ्यास करताना म्हणायचो तसं म्हटलं, "बाबा, थांबा जरा, काम सुरू हाये."

तिकडून केतकी मॅडमनी विचारलं, "मिलिंद, मागे कोण बोललं?"

तेव्हा मला कळलं कोण बोललं. अंगावर काटा आला, घाम फुटला, असं काही झालं नाही. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर सदराची खिडकी बंद करून लॉग, म्हणजे मशीन काय काय करतंय त्याची नोंद, उघडला. का उघडला ते सांगता येत नाही. शेकडो ओळी वर सरकत होत्या. त्यात एक ओळ होती — टेंभरी, आवृत्ती नव्याण्णव, सार्वजनिक रजिस्ट्रीवरून घेतली.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मॅडम, रिलीज थांबवा. बाहेरची टेंभरी आलीये." तेवढ्यात मागे बाबा पुन्हा म्हणाले, "आन् आयक—"

मला ते ऐकू आलं. हे मी स्वच्छ लिहितो, कारण बाकी सगळं लिहायचं आणि हे लपवायचं यात अर्थ नाही. मला ऐकू आलं, कोण बोलतंय ते माहीत होतं, दोन वर्षांनी बोलतायत हेही माहीत होतं. पण केतकी मॅडम तिकडून ओळी वाचून दाखवायला लागल्या होत्या, मला एक अक्षर चुकवून चालणार नव्हतं. मी माइक बंद केला, हेडफोन दोन्ही कानांवर ओढला आणि टाइप करत राहिलो. दोन्ही कानांवर मी पहिल्यांदाच घेतला त्या घरात.

मशीन बंद केलं. पासवर्ड बदलले. बाहेरचं काही दवाखान्यांपर्यंत गेलं नव्हतं. मग मी हेडफोन काढून वळलो. बाबा छताकडे बघत होते. तोंड थोडं उघडं, ओठ कोरडे. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, काय म्हणत होतात?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घशातून "अं" आलं. मी पाणी पाजलं. संध्याकाळपर्यंत विचारत राहिलो. वंदना शाळेतून आली, तिला सांगितलं. ती खाटेजवळ बसली, बाबांचा डावा हात हातात घेऊन म्हणाली, "बाबा, एकदा बोला ना. मी आयकलंच नाही." काही नाही. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही लगेच वळून कावून नाही पाह्यलं?" मी म्हटलं, काम होतं. ती उठून पोळ्या करायला गेली.

पुढचे आठ दिवस चौकशीत गेले. ती बाहेरची टेंभरी आमच्या मशीननं उचलायच्या फक्त वीस मिनिटं आधी सार्वजनिक रजिस्ट्रीवर चढवलेली होती. ठेवणारा कोण ते कळलं नाही, खातं दुसऱ्या दिवशी गायब. नाव त्याला कसं मिळालं ते मात्र कळलं. आमच्याच एका माणसाच्या सार्वजनिक पानावर ती फाइल चुकून राहून गेली होती. मोठा आकडा असे लोक मुद्दाम देतात, म्हणजे मशीननं तेच उचलावं. या सगळ्याला कारणं आहेत, ती मी अहवालात नीट लिहिली. अहवालात एक वाक्य असंही लिहिलं — "लॉग तपासताना ही बाब लक्षात आली." केतकी मॅडमनी ते वाचलं, मला फोन केला आणि म्हणाल्या, "असू दे. तसंच राहू दे." मूळ फाइल मीच चुकीची लिहिली होती हेही मी त्यांना सांगितलं. त्यावर म्हणाल्या, "वेळेवर पकडलंस ना. राहा तिकडेच."

आता आमची मशीनं बाहेर जातच नाहीत. फक्त आमच्या रजिस्ट्रीकडे मागतात, तीच बाहेरून लागेल ते आणून देते, आणि बांध्यांची नावं तिथं घरच्यासाठी राखून ठेवलीत. आधीच असं करायला हवं होतं. बाबांनी तर पहिल्यापासून असंच केलं होतं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं क्वचित होतं, अडकलेलं एखादं जुनं वाक्य अचानक बाहेर पडतं. मी म्हटलं, जुनं वाक्य नव्हतं, नव्याण्णव होतं. ते म्हणाले, तुम्ही दिवसभर टेंभरी टेंभरी करता, त्यांच्या कानावर पडत असेल. हे मला पटतं. नाव ऐकलं असेल. पण आकडा? तो मी उच्चारला नव्हता, केतकी मॅडमनी उच्चारला नव्हता, तोवर कुणी बघितलाही नव्हता. स्क्रीन खाटेवरून दिसत नाही, आणि दिसली तरी बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. जे दिसत नाही ते कळत नाही म्हणणारा माणूस... मी विचार करणं सोडून दिलं. तेव्हा रोजची कामंच इतकी होती.

बाबा त्यानंतर एक पावसाळा आणि एक हिवाळा राहिले. इथंच, साकोलीला, माझ्या खुर्चीमागे. बपेऱ्याला जावं लागलं नाही. एक शब्द बोलले नाहीत. मी पुन्हा कधी दोन्ही कान झाकले नाहीत, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. बाबा गेले तेव्हा धानाच्या चुरण्या, म्हणजे मळणी, संपत आल्या होत्या. ताई बपेऱ्याहून आली, बाबांच्या पायाजवळ बसून म्हणाली, "तुह्याजवळ राह्यले, हे बरं झालं गा."

हा अनुभव मी लिहिला नसता. एका वाक्याचा तो किती अनुभव म्हणणार. पण गेल्या महिन्यात केतकी मॅडमचा मेसेज आला की कंपनीची जुनी रेकॉर्डिंग्ज आपोआप डिलीट होणार आहेत, त्या दिवशीचं तुला हवं असेल, त्यात बाबांचा आवाज आहे. मी उतरवून घेतलं. एका रविवारी दुपारी वंदनाला शेजारी बसवून लावलं.

आवाज आहे. टेंभरीचं पूर्ण वाक्य स्पष्ट आहे. त्यानंतर माझा, "थांबा जरा." मग केतकी मॅडम, मग मी, मग मागून "आन् आयक—" आणि तिथं माइक बंद. पुढं फक्त मॅडम ओळी वाचतायत.

पण चित्र चालू राहतं. डाव्या चौकोनात मी आहे, मान खाली घालून टाइप करणारा. माझ्या खांद्यामागे ब्लर, आणि त्या ब्लरमध्ये काहीतरी हलतंय. खाटेची एक पुसट पट्टी, तिच्यावर एक पुसट डोकं, आणि मधूनमधून वर उठणारा हात. बाबा काही समजावून सांगताना हात तसाच करायचे. वंदनानं घड्याळ लावलं. चार मिनिटं आणि काही सेकंद. ते थांबतात, परत सुरू होतात, परत थांबतात. शेवटी हात खाली येतो आणि मग काही हलत नाही. त्यानंतर थोड्या वेळानं मी हेडफोन काढून वळताना दिसतो.

बाबांना आकडा कसा कळला? कुणाजवळ उत्तर असेल तर कळवा, नसेल तरी चालेल. मी ते रेकॉर्डिंग किती वेळा बघितलं ते सांगत नाही. ओठ दिसावेत म्हणून चित्र मोठं करून बघितलं, उजेड वाढवून बघितलं, या कामातल्या एका ओळखीच्या माणसाला पाठवून बघितलं. तो म्हणाला, ब्लर नंतर काढता येत नाही, चेहरा त्यात साठवलेलाच नसतो. ब्लर मीच लावला होता.